ओकारीनानांचा शब्द

गेल्या महिन्यात जळगावात एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या एका वकिलाने ओकारीनानांची गोष्ट सांगितली. धुळ्याच्या कोर्टात म्हणे एक दुभाषी होता. जन्मभर एका इंग्रजी शब्दावरून लोकांशी भांडला, आणि शेवटी स्वतःच पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, माझाच अर्थ चुकला. पंगत हसली. वाढपीसुद्धा वरणाची बादली घेऊन थांबला आणि हसला. मी पानावरून उठलो. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, या वयात असं रुसून उठणं शोभतं का? शोभत नसेल. पण त्या वकिलाचा जन्म व्हायच्या आधीपासून मी ज्या माणसाच्या शेजारच्या टेबलावर बसलो, त्याची अशी गंमत झालेली मला बघवत नाही. ज्यांनी तो प्रकार घडवला त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत, ज्याने निस्तरला त्याचं टोपणनाव मात्र सगळ्या खानदेशाला पाठ आहे. याचा मला संताप येतो.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. कोर्टात समोर सगळे त्यांना नाना म्हणत, पाठीमागे ओकारीनाना. उंच, हाडकुळे, कोट कायम एक बटण चुकवून घातलेला. दुसऱ्याच्या इंग्रजीतली काना-मात्रा न सोडणारा हा माणूस स्वतःच्या कोटाची बटणं कधी नीट लावत नसे, आणि कुणी दाखवून दिलं तर म्हणे, "बटणाने कुणाला फाशी होत नाही. शब्दाने होते."

मी त्या कोर्टात कारकून म्हणून लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. माझ्या बायकोला दिवस गेले होते आणि पहिल्या महिन्यांत तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. मी रजेचा अर्ज लिहिला. इंग्रजीत. बायको नॉशिअस आहे, सबब दोन दिवस रजा मिळावी. हेडक्लार्ककडे जायच्या आधी तो कागद नानांनी माझ्या हातून ओढून घेतला.

"तुझ्या बायकोला काय होतंय?" त्यांनी विचारलं.

"मळमळतंय, नाना. उलट्या होतात."

"मग असं का लिहिलंस?"

"कसं?"

त्यांनी कागद वर धरला आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "या गृहस्थाने लिहिलंय की याच्या बायकोला बघून लोकांना ओकारी येते. म्हणून याला रजा पाहिजे."

कचेरी खदखदून हसली. माझे कान तापले. नाना मात्र हसत नव्हते, ते खरोखर चिडले होते. माझ्या टेबलावर बोट आपटत त्यांनी मला शिकवायला सुरुवात केली. नॉशिआ म्हणजे मळमळ. ज्याला मळमळतं तो नॉशिएटेड. आणि ज्याच्यामुळे दुसऱ्याला मळमळतं, जो किळसवाणा, तो नॉशिअस. मुळात शब्द ग्रीकांचा. त्यांच्या जहाजाच्या शब्दातून निघालेला. जहाज हललं की पोट हलतं, ते हे दुखणं. "ज्यांनी समुद्र पाहिला नाही त्यांनी हा शब्द वापरूच नये," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "मीपण पाहिलेला नाही. म्हणून मी तो जपून वापरतो."

मी त्या दिवशी त्यांचा मनापासून तिरस्कार केला. दिवेलागणीला त्यांची बायको देवपूरहून पूल ओलांडून चालत आमच्या घरी आली. पदराखाली लिंबाच्या जुन्या लोणच्याची बरणी होती. "त्यास्नं मनवर घेऊ नको," ती म्हणाली, "पोरले हाई दे. जिभेवर ठेवं का जीव ठिकाणावर येस." बरणी नानांनीच पाठवली होती. त्या लोणच्यावर माझ्या बायकोने पुढचे दोन महिने काढले, आणि ओकारीनाना या नावावर हसणारी आमच्या ओळखीतली ती पहिली व्यक्ती नव्हती, पण हसणं थांबवणारी पहिलीच.

त्यांच्या रागाला तऱ्हेतऱ्हेची कारणं लागत. वकिलांच्या इंग्रजीचा राग, दुकानांच्या पाट्यांचा राग, 'अंदाजे' या शब्दाचा राग. कचेरीत कुणी म्हटलं, अंदाजे पाच वाजले असतील, तर ते म्हणत, अंदाज कशाला, घड्याळ बघ. घरी इंग्रजीला बंदी होती. पाहुणा "टाइम काय झाला" म्हणाला तर ते ऐकूच आलं नाही असं दाखवत. 'किती वाजले' म्हटल्यावर लगेच उत्तर. इंग्रजी हे माझं हत्यार आहे, ते म्हणत, न्हाव्याने वस्तरा घरात जेवायच्या पाटावर ठेवू नये. कोर्ट हा शब्द मात्र चालायचा. तो मराठी होऊन गेला, असं त्यांनीच ठरवलं होतं. बायकोशी ते अहिराणीत बोलत, अगदी शेतावरच्या माणसासारखे, कारण ते शेतावरचेच होते. घरातला पहिला शिकलेला माणूस.

आणि तरी ज्या लोकांसाठी दुभाषी असतो, ते त्यांच्यावर जीव टाकत. कोर्ट उठेपर्यंत नाना कधी बसत नसत. साक्रीकडून एक भिल्ल साक्षीला आला होता. जंगलखात्याच्या शिपायाने त्याची बकरी नेली होती. साक्ष देता देता त्याने त्या शिपायाला अशी शिवी दिली की त्याची बोली कळणारे लोक खाली बघायला लागले. जज्जसाहेब म्हणाले, ते राहू द्या, पुढचं सांगा. नाना म्हणाले, "साहेब, मी गाळणी नाही." आणि त्यांनी ती शिवी जशीच्या तशी, एकाही स्वराने कमी न करता, शांत इंग्रजीत सांगितली. साहेबांचा चेहरा लाल झाला. पण आपण काय म्हटलं ते इंग्रजीत ऐकून तो भिल्ल, ज्याला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, समाधानाने मान हलवत होता. आपण बोललो ते पोचलं, हे त्याला साहेबाच्या चेहऱ्यावरून कळलं होतं.

मग तो दावा आला.

धुळ्याच्या स्टेशनाजवळ एका कंपनीची कापसाची जीन होती. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या रेच्यांवर तिथे गावोगावच्या बायका हंगामात काम करत. त्यांच्या पिण्याच्या पाण्याची टाकी इंजिनाच्या हौदाला जोडलेली होती. एका दिवशी दुपारी पाण्याला तेलाचा वास यायला लागला आणि एकामागून एक बायकांना मळमळायला लागलं. कुणी भिंतीशी बसून ओकत होती, कुणी डोकं धरून उभी होती. मुकादमाने गोऱ्या मॅनेजरसाहेबांना बोलावलं, तासभर इंजिन थांबवा म्हणाला. साहेब आले, नाकाला रुमाल लावून सगळीकडे एक फेरी मारली आणि निघून गेले. इंजिन थांबलं नाही. थोड्या वेळाने धुरपताबाई नावाच्या एका बाईला भोवळ आली आणि तिचा उजवा हात रेच्याच्या पट्ट्यात गेला. दवाखान्यात तो कोपरापासून कापावा लागला. तिशीची बाई, दोन लेकरांची आई, नवरा आधीच वारलेला.

कंपनीचं म्हणणं असं की बाई घरूनच आजारी आली होती, बाकी कुणाला काही झालं नव्हतं आणि मॅनेजरला कुणी काही कळवलं नव्हतं. मुकादम नोकरीच्या भीतीने गप्प बसला. बाकीच्या बायकांची साक्ष कंपनीच्या वकिलाने सहज मोडून काढली, कारण सगळ्या एकाच तोंडाने बोलत होत्या, आणि सगळ्या एकाच तोंडाने बोलतात म्हणजे शिकवलेल्या असणार असं कोर्टात समजतात. सगळ्यांना एकच गोष्ट झाली असेल, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

धुरपताबाईच्या बाजूने एक तरुण खादीवाला वकील होता. फी घेत नव्हता. त्याने मॅनेजरची इंग्रजीत उलटतपासणी सुरू केली. दुपार, कोर्टात माशा, पंखा ओढणारा पेंगत होता. मॅनेजरसाहेब कंटाळला होता. मी जबानी लिहायला बाजूला बसलो होतो, म्हणून मी सगळं पाहिलं.

"त्या दुपारी तुम्ही रेच्यांजवळ गेला होतात?" वकिलाने विचारलं.

"मी रोजच जातो."

"बायका कशा दिसल्या?"

साहेबाने खांदे उडवले. मग जाकिटावर, पोटाच्या जागी, हात ठेवून म्हणाला, "नॉशिअस. सगळ्याच्या सगळ्या."

वकिलाचा चेहरा उजळला. साहेबाने कबूल केलं होतं. त्याला माहीत होतं की बायका आजारी आहेत, आणि तरी त्याने इंजिन चालू ठेवलं होतं. कंपनीचा वकील अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. त्याला घाम फुटलेला मी पाहिला.

जज्जसाहेब म्हणाले, वादीला सांगा, साक्षीदार काय म्हणाला.

नाना उभे होते. ते साहेबाच्या पोटावरच्या हाताकडे बघत होते. मी त्यांना कधी असं थांबलेलं पाहिलं नव्हतं. मग ते धुरपताबाईकडे वळले आणि म्हणाले, "साहेब म्हणतात, या सगळ्या बाया किळस यावी अशा होत्या."

धुरपताबाई बाकावरून उठली. "काय म्हने साहेब? फिरी सांगा."

नानांनी पुन्हा तेच सांगितलं.

"आमना जीव मयमय करे," ती म्हणाली, "आन् याले आमनी किळस वाटनी?"

मागे बसलेल्या बायका बोलायला लागल्या. शिपायाने दंडुका आपटला. खादीवाला वकील ओरडला, हा अर्थ नाही, साक्षीदाराला आजारी म्हणायचं होतं. जज्जसाहेबांनी नानांना विचारलं, तुमची खात्री आहे? नाना म्हणाले, "शब्दाचा अर्थ हाच आहे. कुठल्याही शब्दकोशात बघा." आणि खरोखर, कोर्टातला शब्दकोश मागवला तर त्यात तोच अर्थ होता.

आता कंपनीचा वकील नीट उठला. त्याचा घाम सुकला होता. तो म्हणाला, कोर्टाच्या स्वतःच्या दुभाष्याने अचूक भाषांतर केलेलं आहे. माझ्या अशिलाला तेच म्हणायचं होतं. जज्जसाहेबांनी मॅनेजरला विचारलं, तुम्हाला काय म्हणायचं होतं? या बायका आजारी होत्या, की तुम्हाला त्यांची किळस आली? साहेबाने आपल्या वकिलाकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "दुसरं."

तसं लिहिलं गेलं. माझ्याच हाताने.

त्या कोर्टात किळस येणं हा गुन्हा नव्हता. आजारी आहेत हे माहीत असणं, हा गुन्हा होता. म्हणून त्या माणसाने भरल्या कोर्टात, जिचा हात गेला तिच्या तोंडावर, मला या बायकांची किळस आली असं सांगितलं, आणि ते सांगून तो सुटला. कुणी त्याला लाज वाटते का असं विचारलं नाही. जज्जसाहेब आपलेच होते, धोतराच्या घरातले, त्यांनीही विचारलं नाही. दावा फेटाळला गेला. मॅनेजरला बायकांच्या आजाराची कल्पना होती याला पुरावा नाही, असं निकालात लिहिलं होतं. साहेब बाहेर पडताना शिपायाने त्याला सलाम केला.

मला नानांचाही राग आला होता. संध्याकाळी मी त्यांच्या मागे मागे चाललो. उन्हाळ्याचे दिवस होते, पांझरा कोरडी होती, ते पुलाऐवजी वाळूतून चालले होते. मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, "नाना, तुम्ही साहेबाचा हात पाहिला होता."

"पाहिला."

"मग तुम्हाला कळलं होतं की त्याला मळमळ म्हणायचं आहे."

ते चालत राहिले. मग वाळूत थांबले आणि त्यांनी मला जे सांगितलं ते तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांचं गाव तापीकडचं. प्लेगच्या दिवसांत, ते नुकतेच नक्कल करणारे म्हणून लागले असताना, एका साहेबाचा अहवाल त्यांच्याकडे नकलेला आला. त्यात त्यांच्याच गावाबद्दल लिहिलं होतं की इथले रहिवासी नॉशिअस आहेत. त्यांना शब्द ठाऊक नव्हता. त्यांनी हेडक्लार्कला विचारलं. तो म्हणाला, बिमार. नाना त्या रविवारी घरी गेले आणि बापाला म्हणाले, आबा, साहेबाने लिहिलंय आपलं गाव बिमार आहे, आता औषध येईल. बापाने सगळ्या गावाला सांगितलं. लोक वाट बघत बसले. औषध आलं नाही. पावसाळा संपेपर्यंत घरातली तीन माणसं गेली, त्यांत बापही. पुढे कधीतरी नानांनी शब्दकोश विकत घेतला आणि पहिल्यांदा तो शब्द काढून पाहिला.

"बाप मरेपर्यंत समजत होता, साहेबाला आपली काळजी आहे," नाना म्हणाले. "मी त्याला खोटं सांगितलं होतं. शब्दाला साखर लावून सांगितलं होतं. तेव्हा ठरवलं, साहेब आपल्याला जे म्हणेल ते आपल्या माणसाला जसंच्या तसं कळलं पाहिजे. पुन्हा कुणी साहेबाच्या दयेची वाट बघत मरायला नको."

माझा राग गेला असं नाही. तो आता दोन-तीन ठिकाणी वाटला गेला होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी धुरपताबाई देवपूरला त्यांच्या घरी आली. मी तिथेच होतो. ती ओट्यावर बसली नाही, अंगणात उभी राहिली.

"नाना, साहेबनी पोटवर हात ठेवा व्हता," ती म्हणाली. "माले इंग्रजी समजस नही. पन मी हात दखा. तुमले दिसना नही का?"

"दिसना."

"मंग?"

नाना ओट्यावरून उतरून तिच्यासमोर आले. धुरपताबाई वळून निघून गेली. नानांच्या बायकोने त्या दिवशी ताट वाढलं, त्यांनी ते सरकवलं. ती म्हणाली, "जेवू नका. बाईना हात काय तुमना उपासघाई उगनार शे?" आणि ताट उचलून घेऊन गेली.

चार दिवसांनी ते रजा घेऊन मुंबईला गेले. चाळीसगावहून मेल पकडली. तिथल्या एका मोठ्या वाचनालयात इंग्रजीचा तो अनेक खंडांचा शब्दकोश आहे, ज्यात प्रत्येक शब्दाचा जन्मापासूनचा इतिहास दिलेला असतो. ते परत आले तेव्हा कचेरीत कुणाशी बोलले नाहीत. दुपारी मला कोर्टाच्या अंगणातल्या निंबाखाली बोलावलं.

"पहिला अर्थ वेगळाच होता," ते म्हणाले. "तीनशे वर्षांपूर्वी नॉशिअस म्हणजे ज्याला स्वतःला मळमळतं तो. ज्याचं पोट नाजूक आहे तो. मग तो अर्थ पुसत गेला आणि जो दुसऱ्याला मळमळवतो तो नॉशिअस झाला. दुखणेकरी होता तो किळसवाणा झाला. कळतंय का तुला, हे कसं होतं? आजारी माणसाकडे बघून ज्यांना मळमळतं, त्यांच्या हातात भाषा गेली की असं होतं."

"आणि आता?"

"आता लोक बोलताना पुन्हा पहिल्याच अर्थाने वापरायला लागलेत. तुझ्यासारखे. हा मॅनेजर आफ्रिकेत अमेरिकन मिस्त्र्यांबरोबर होता, त्यानेच साक्षीच्या सुरुवातीला सांगितलं होतं, त्याच्या तोंडात तोच अर्थ असणार. शब्द फिरून परत आपल्या घरी निघाला होता, आणि मी मधल्या मुक्कामावर त्याला अडवून बसलो."

मी विचारलं, मुंबईत समुद्र बघितला का. ते म्हणाले, वाचनालयाच्या पायऱ्यांवरून आवाज येत होता, पण वेळ नव्हता.

त्यांनी खादीवाल्या वकिलाकडे जाऊन सांगितलं, फेरविचाराचा अर्ज करा, मी साक्ष देतो. वकील तरुण होता, पण मूर्ख नव्हता. त्याने विचारलं, नाना, तुमचं काय होईल याचा विचार केलाय का? नाना म्हणाले, ते तुम्ही अर्जात लिहू नका.

अर्ज मधल्या काळात बदलून आलेल्या नव्या जज्जसाहेबांसमोर आला. त्या दिवशी कोर्ट भरलं होतं. धुळ्यातले जेवढे वकील आयुष्यात कधी नानांकडून व्याकरण ऐकून घेतलेले होते तेवढे सगळे आले होते. नाना पहिल्यांदाच पिंजऱ्याच्या बाजूला नाही, पिंजऱ्यात उभे होते. त्यांनी सांगितलं, साक्षीदाराने पोटावर हात ठेवून तो शब्द उच्चारला. त्याला मळमळ म्हणायचं होतं हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी शब्दाचं भाषांतर केलं, माणसाच्या म्हणण्याचं केलं नाही. ते भाषांतर चुकीचं होतं.

कंपनीचा वकील उठला. तो मजेत होता.

"तुम्ही या शब्दावरून या कोर्टात किती वर्षं लोकांना शिकवताय?"

"खूप वर्षं."

"या शब्दाचा एकच अर्थ आहे, असं शिकवताय?"

"हो."

"ते खोटं होतं?"

"ते अर्धं होतं," नाना म्हणाले. "आणि मी ते पूर्ण म्हणून शिकवलं. ते चूक आहे."

मागे कुणीतरी ओकल्यासारखा आवाज काढला. सगळे हसले. त्या हसणाऱ्यांत माझ्या कचेरीतले लोक होते, ज्यांचे अर्ज नानांनी वर्षानुवर्षं फुकट सुधारून दिले होते. जज्जसाहेब हसले नाहीत. नानाही खाली बघत नव्हते. कोटाचं बटण चुकलेलं होतं, आणि ते सरळ कंपनीच्या वकिलाकडे बघत होते. "आणखी विचारायचंय?" ते म्हणाले. "विचारा. आज मी सगळं सांगतो."

ते बघून मागे उभा असलेला मुकादम फुटला. दुसऱ्या तारखेला तो स्वतःहून आला आणि म्हणाला, मी साहेबांना बोलावलं होतं, साहेबांनी बघितलं, साहेब म्हणाले काम चालू ठेवा. धुरपताबाईला भरपाई मिळाली. मॅनेजरची बदली झाली, कंपनीच्या दुसऱ्या एका जिनीत, आणि ऐकतो की पगारही वाढला.

नानांची नोकरी गेली. ज्या दुभाष्याने आपलं भाषांतर चुकल्याचं शपथेवर कबूल केलं, त्याला ठेवलं तर त्याच्या आधीच्या प्रत्येक खटल्यावर लोक अर्ज करतील, असं वकीलमंडळींनी वर लिहून दिलं. ते खरं होतं. पण ज्यांनी ते लिहिलं, त्यांना ते खरं आहे म्हणून लिहायचं नव्हतं, हेही खरं. निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. पेन्शन त्यांना मिळाली नाही. नव्या दुभाष्याने पहिल्याच आठवड्यात एका भिल्लाची शिवी गाळली आणि जज्जसाहेबांनी त्याची तारीफ केली. मी तिथेच बसून जबानी लिहीत होतो. पुढे मी बदली मागून जळगावला आलो.

त्याच्या आधी एकदा देवपूरला गेलो होतो. नाना ओट्यावर होते. मजुरांचे अर्ज लिहून देत होते, आता मराठीत. आम्ही बोलत असताना धुरपताबाई आली. तिच्या अंगावर नवं लुगडं होतं, आणि उजव्या बाजूचा पदर कोपराभोवती घट्ट गुंडाळलेला. नानांची बायको पाणी घेऊन आली. धुरपताबाईने डाव्या हाताने तांब्या घेतला. तिचा डोक्यावरचा पदर घसरला, तो सावरायला दुसरा हात नव्हता. नानांच्या बायकोने तो पुढे होऊन सावरला. नाना उठून उभे राहिले होते.

"पैसा भेटना," धुरपताबाई म्हणाली.

"ऐकं मी."

"पन तुमना उपकार मी मानाव नही."

"नको मानू."

"साहेब इंग्रजीमा काय बोलना ते माले समजनं नसतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तो बोलना, गया. मी किळसवानी शे, हाई मी तुमना तोंडतून ऐकं. आपली भाषामा ऐकं. रातले हात दुखस तवय माले साहेबना आवाज ऐकू येत नही, नाना. तुमना येस."

तिने तांब्या खाली ठेवला, नानांच्या बायकोला म्हणाली, "येस मी, अक्का," आणि पुलाच्या दिशेने निघाली. नाना ती दिसेनाशी होईपर्यंत तिकडे बघत राहिले, आणि दिसेनाशी झाल्यावरही. हात दोन्ही बाजूंना, पाठ ताठ. मला ते बघवेना. मी म्हटलं, "नाना, बसा ना आता."

"कसा बसू?" ते म्हणाले. "कोर्ट अजून उठलेलं नाही."